रस्त्याकडचं झाड

१४ सप्टेंबर

क्रुसाचा सण. समोरच्या डोंगरावर शेकोट्या पेटल्या. मामंजींना ओसरीवर बसवलं. "आमच्या वेळी याहून जास्त असायच्या," म्हणाले. दरवर्षी हेच म्हणतात. आता बैरूतची मंडळी सफरचंदं तोडायला येणार. माझे पाय आत्तापासूनच दुखतायत.

२१ सप्टेंबर, रविवार

गाड्याच गाड्या! ही माणसं तोडायला येतात की झाडांशी झोंबायला? सांगून सांगून घसा बसला – ओढू नका, तळव्यात घ्या, वर उचलून जरासं फिरवा, आपसूक सुटतं. ओढलं की पुढच्या वर्षी फुटायचा डोळाही मोडून येतो. ऐकतंय कोण!

एकानं तर रस्त्याकडच्या झाडालाच हात घातला. मामंजी काठी घेऊन उठले.

"ए शहाण्या, ते वाटसरूंचं आहे."

"मग आजोबा, मी कोण?"

"तू पैसे मोजून आलास. तू गिऱ्हाईक."

सगळे हसले. मामंजी नाही हसले. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं – ते झाड वाटसरूंचं आणि पाखरांचं, घरात चूल पेटते तोवर आपण उतरवायचं नाही. गावात सगळ्यांचीच ही रीत. वरच्या आळीतला जिर्जिस ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्यानं आपलं रस्त्याकडचं झाड उतरवलं आणि फाटक ओढून घेतलं. कुणाला काही सांगायची गरज पडली नाही.

२४ सप्टेंबर

थकले. पुरे.

२८ सप्टेंबर

माँट्रियलहून घसानचा फोन. "आई, तुझे इकडे यायचे कागद झाले. आता आजोबांना सांग."

सांगते म्हणाले. हा शेवटचा हंगाम. माझा नवरा नईम वारल्यापासून एकटी ओढतेय, आता नाही ओढवत. नातीला अजून मांडीवर घेतलेलं नाही. लमिया वन्सं म्हणतात, बाबांना झहलेला आणून सोड, मी बघते. म्हणजे सगळं ठरलंय, फक्त ज्यांना उठवायचं त्यांनाच ठाऊक नाही. लेकीकडे एका रात्रीसाठी गेले तरी पहाटे दारात बूट घालून बसतात. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

५ ऑक्टोबर

आज सांगायचंच म्हणून गेले. ते एका फांदीवरून हात फिरवत होते. "ही फेब्रुवारीत छाटू. हात तुझे, डोळे माझे." डोळे कसले, चष्मा लावूनही काठी सापडत नाही! मी म्हटलं, कॉफी आणते. भित्री आहे मी.

१२ ऑक्टोबर, रविवार

शेवटची गिऱ्हाइकं. उंच टाचांचे बूट घालून आलेली एक बाई चिखलात रुतली, तिला मीच ओढून काढली. जाताना विचारते, "पुढच्या वर्षीही याच सुमारास ना, काकू?"

"बघू," म्हणाले. तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांत मी कुणाला 'बघू' म्हटलेलं नाही – "या की, झाडं कुठे पळतायत" असंच म्हणते. मामंजी शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बागेकडे. जेवताना लबने-भाकरी अर्धीच टाकली. मला रडू आलं. कांदा झोंबला, मी म्हणाले. पानात कांदा नव्हताच.

१३ ऑक्टोबर

मामंजी दिवसभर बागेत काठी टेकत फिरले. मी पेट्या धुतल्या. उद्या सांगतेच.

१४ ऑक्टोबर

सकाळी बाहेर आले तर रस्त्याकडचं झाड रिकामं. खाली भरलेली पेटी, तिच्याशेजारी मामंजी. हातांवर ओरखडे. एकही डोळा मोडलेला नाही.

"शेंड्याला हात पुरला नाही, पोरी. तेवढी तू उतरव, पाखरांना ठेवायची तर ठेव. फाटक मात्र मी ओढणार."