जरा बाहेर या

आप्पा, तुम्ही कधी घरात बसून जेवलात ते मला आठवत नाही. रामनगरहून पिकअपमध्ये तांदळाची पोती, गॅसची सिलिंडरं भरून तुम्ही कुंभारवाड्याकडच्या वाड्यावाड्यांवर पोचवायचात, आणि भाकरी सोडायचात ती ओढ्याकाठी, दगडावर. घरी आलात तरी ताट घेऊन अंगणात. "ह्या माणसाला छपराखाली काटे टोचत्यात," आई म्हणायची. धनेश पक्षी उडाला की त्याच्या पंखांचा आवाज ऐकायला तुम्ही भर चढावर इंजीन बंद करायचात. मग गाडी सुरू होईना, की वाटेवरच्या माणसांना हाका मारून धक्का मारायला लावायचात. लाज म्हणून नव्हती.

तेव्हा तिकडं फोन नव्हते, म्हणून सामानाबरोबर निरोपही तुमच्याकडेच असायचे. वाईट निरोपसुद्धा. दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्या शेजारी बसून फिरायची. एका वाडीत तुम्ही पोतं उतरवलंत, हातपाय धुतलेत, आणि घरातल्या म्हातारीला म्हणालात, "आजी, जरा बाहेर या." फणसाखाली नेऊन तिला जावई गेल्याचं सांगितलंत. ती मटकन मातीत बसली. तुम्हीही तिच्याजवळ बसलात, पुढच्या वाडीची सिलिंडरं तशीच गाडीत राहिली. परत येताना मी विचारलं, दारातच का नाही सांगितलं? तर माझ्यावरच डाफरलात. "डोकं हाय का तुला? छपराखाली सांगितलं की ते घरातच ऱ्हातं. तिला रोज तिथंच चूल पेटवायची हाय."

तुम्ही गेलात ते मला मात्र स्वयंपाकघरात कळलं. लग्न होऊन मी रामनगरात आलेली, डाळीला फोडणी देत होते, आणि दादाचा फोन आला. इतकी वर्षं झाली, अजून त्या ओट्यापाशी मोहरी टाकताना हात थांबतो. तुमचं खरं होतं.

आता सांगते. मागच्या महिन्यात दादा गेला. तुमचा मुलगा. गोव्यात, कामावर, छातीत कळ आली एवढंच. त्याच्या कामावरच्या जोडीदारानं मला फोन केला. ॲम्ब्युलन्स निघाली होती, आणि ती दारात यायच्या आत आईला सांगायला हवं होतं. गावात एकटी असते ती, तिच्या फोनला अजून धड रेंज नाही. मी जीप धरली. डोळ्यांत टिपूस नाही. दोन्हीकडं भात कापणीला आलेलं, ते दिसत होतं, बाकी काही वाटत नव्हतं.

आई चुलीपाशी पेज ढवळत होती. "आज मधीच कशी गं आलीस?"

मी म्हटलं, "आई, जरा बाहेर ये."

तिचा हात थांबला. तुमचीच बायको ती, तिला आणखी काय सांगायचं राहतं?

"न्हाई येत."

"चल की गं."

"न्हाई म्हटलं न्हवं!" ती ओरडली. मग माझ्या तोंडाकडं बघत हळूच म्हणाली, "पोरगा गेला व्हय माझा?"

मी मान हलवली.

"मग हितंच बस. ऱ्हाऊ दे त्याला घरातच. जित्तेपणी कुठं ऱ्हायला? सगळी वर्सं भायेरच काढली माझ्या पोरानं."

आणि ती रडली, तिथंच, चुलीसमोर. तुमचा नियम तिनं एका फटक्यात मोडला, आणि मला तिला अडवता आलं नाही. पेज करपायला लागली होती, मी भांडं खाली उतरवलं. मग माणसं आली, गाडी आली. बाराव्यापर्यंत मी सगळ्यांना चहा देत राहिले. पोरगी घट्ट काळजाची हाय, असं कुणीतरी म्हणालं. असेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, एवढं मला कळतं. पण तुम्हाला निरोप न देता राहवेना. आणि एक आहे, आप्पा. दादा गेला, हे मी तोंडानं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. वर लिहिलं, तेच पहिल्यांदा.