सगळे चेंडू माझ्याकडे

२१ फेब्रुवारी

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली तेव्हाच समजलो. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलंय. आर्डिसने रुमालाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "मार्चमध्ये मला पिकलबॉल खेळता येईल ना?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार, कपाळ?

गाडीत म्हणाली, "स्पर्धा होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. ट्रॉयला तर नाहीच नाही."

"अगं, मुलगा आहे तो आपला."

"म्हणूनच. त्याला कळलं की तो मला बॉल मारायचाच नाही. मारलाच तर हळूच, तान्ह्या पोराकडे टाकतात तसा. मला एकदा खरं खेळायचंय, ऑरिन. मग सांगू सगळ्यांना."

शब्द दिला.

२२ फेब्रुवारी

मला झोप नाही. ती मात्र घोरली.

२७ फेब्रुवारी

सकाळी कोर्टवर गेलो. मला वाटलं होतं, ती येणार नाही. पण माझ्या आधी जाऊन तिने दोघांची पॅडल रांगेत लावून ठेवली होती.

आर्डिस बुटकी, डावा गुडघा कामातून गेलेला. आणि पिकलबॉलचा, या फळीने खेळायच्या छोट्या टेनिसचा, कायदा एकच — समोरच्या जोडीतला दुबळा कोण ते बघा आणि त्याला धरा. आम्ही या वसाहतीत राहायला आल्यापासून सगळे तिलाच धरतात. तिला त्याचा कोण आनंद! "मला मारतात म्हणजे मला मोजतात," असं तिचं म्हणणं. आजही वसाहतीतल्या हिलमनने तिच्या पायात मारून मारून तिचा घाम काढला. येताना गुणगुणत होती. दुखतंय का, विचारलं.

"तू गाडी चालव," म्हणाली.

४ मार्च

ट्रॉय आणि त्याची बायको जोलीन आले. त्यांच्याकडे मिनेसोटात अजून गुडघाभर बर्फ आहे म्हणे. इथे आम्ही अर्ध्या चड्डीत.

ट्रॉयने आईला मिठी मारली आणि जरा थबकला. "बारीक झालीस गं."

"तुझ्या बाबांच्या हातचं जेव महिनाभर. तूही होशील."

जोलीन खूप हसली. मी उगाच अंगणात गेलो आणि झाडाखालची संत्री गोळा करत बसलो. कुजकीसुद्धा.

७ मार्च

स्पर्धा झाली. लिहायचं जिवावर आलंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दरवर्षीसारखी कौटुंबिक जोड्यांची. झाडाखाली टेबलं, लिंबाच्या वड्या, बर्फ घातलेला चहा. पहिला सामना हिलमन नवराबायकोशी. त्यांनी आर्डिसला धरलं — गुडघ्याकडे, पायात, डाव्या हाताला. तिने सगळं परतवलं. जिंकलो. नेटपाशी पॅडलला पॅडल लावताना ती इतकी खुलली होती, की लग्नाच्या फोटोतही तेवढी नाही.

मधल्या सुट्टीत दिसेना. शोधत गेलो. आमच्या गाडीत मागच्या सीटवर, गुडघे पोटाशी, तोंडात टॉवेल कोंबलेला. मला बघून टॉवेल काढला.

"एक शब्द बोलू नकोस."

 हात धरून उठवलं आणि परत कोर्टवर आणलं. मी नवरा आहे की कसाई, कोण जाणे.

दुसरा सामना ट्रॉय-जोलीनशी. आणि सगळे चेंडू माझ्याकडे! एकामागून एक. मला धड दिसत नव्हतं, मी तिच्याकडेच बघत होतो. सर्व्हसुद्धा नेटमध्ये घातल्या. आर्डिस वाकून, पॅडल पुढे धरून तयार, आणि तिच्याकडे काही येईना. शेवटी ओरडली, "ट्रॉय, मी पण आहे इथे!" तो हसला आणि पुढचाही माझ्याकडेच मारला. अकरा-तीनने हरलो.

घरी येताना ती खिडकीबाहेर बघत होती.

"तू सांगितलंस त्याला."

"नाही. देवाशपथ नाही."

"आजवर मला कुणी सोडलंय? आणि आज पोटचा पोर सोडतो? तू सांगितलंस, ऑरिन."

८ मार्च

त्यालाच विचार, म्हटलं. तर म्हणे, "त्याला माहीत असून तो गप्प आहे. राहू दे. माझ्या तोंडून कशाला वदवतोस?" विमानतळावर मात्र ट्रॉयला सोडेना. त्याने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी सामानाकडे बघितलं.

११ मार्च

चोर सोडून संन्याशाला फाशी. सूप केलं, ते तिने शेजारच्या मांजराला घातलं. बुटाची नाडी बांधू देत नाही. मला वाटतं, ट्रॉयने आपणच ओळखलं असणार. रंग किती उतरलाय तिचा, त्याला काय डोळे नाहीत? पण हे ती ऐकून घेत नाही. एवढंसं काहीतरी मागितलं होतं तिने. तेही गेलं.

तिच्याशिवाय जेवण घशाखाली उतरत नाही. ती अजून घरात असताना ही गत.

१३ मार्च

खोटं बोललो. तिच्या सोफ्यापाशी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "हो. मीच सांगितलं. राहवलं नाही."

 तिने माझ्या केसांत हात घातला. "एवढंच ऐकायचं होतं. तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का?"

नंतर थोडं सूप घेतलं. रडलो मी. तिला वाटलं, पश्चात्तापाने.

१६ मार्च

दवाखाना. ट्रॉयला फोन केला. "आईला हलवलंय. ये."

"निघतो," म्हणाला. आमच्या घरात फोनवर एवढंच बोलतात.

आर्डिस संध्याकाळी जागी होती. "पोरावर रागावू नकोस," म्हणाली. "मायेनेच सोडलं त्याने मला."

१७ मार्च

पहाटे गेली.

१८ मार्च

बर्फामुळे विमानं रद्द झाली होती, ट्रॉय आज दुपारी पोचला. दारातच माझे दंड धरले. "कधीपासून आजारी होती? मला का नाही सांगितलं, बाबा?"

"तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार?"

मग विचारलं, स्पर्धेत तिला एकही बॉल का मारला नाहीस. त्याला आधी कळेचना मी काय विचारतोय.

"जोलीन म्हणाली, आईंना सोड, त्या सगळं परतवतायत. आज बाबांना धर. त्यांच्यात आज काही राहिलेलं नाही."

म्हणजे त्या दिवशी आमच्यातला दुबळा मी होतो. ती अगदी खरी खेळली. तिला माहीतच नाही.