मामांचं पुस्तक आणि सलोख्याचे संबंध

तीर्थरूप मामांना,

कॉलेजच्या स्टाफरूममधल्या, एक पाय आखूड असलेल्या टेबलावरून भाचीचा साष्टांग नमस्कार (टेबल डुगडुगतंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत). तुमची दाढ आता कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडे आई ठीक, हे ठीक, मी सोडून सगळे ठीक. माझं डोकं गेले काही आठवडे ठिकाणावर नाही आणि त्याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. कसे ते सांगते. शांतपणे वाचा, आणि वाचताना लाल पेन हाताशी ठेवू नका.

मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सेमिकंडक्टर शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिकवते म्हणजे मी फळ्याकडे तोंड करून बोलते आणि मुलं परीक्षेत आपल्या मनाचं लिहितात. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉननं जागा सोडली की मागे जी रिकामी जागा उरते तिला होल म्हणतात, एवढंच खरं तर आधी गळी उतरवायचं असतं. पण आमच्या जुन्या पुस्तकानं होल अर्ध्या ओळीत उरकलेलं आहे आणि पुढे लगेच समीकरणांचा भडिमार. परिणाम असा की गेल्या परीक्षेत 'होल कसे तयार होते?' या प्रश्नाला निम्म्या वर्गानं 'बारीक ड्रिलने' असं उत्तर दिलं. एकानं तर ड्रिलची आकृती काढून भागांना नावंसुद्धा दिली होती (आकृती सुबक होती म्हणून मी एक गुण दिला. तुम्ही दिला नसता). अर्धा वर्ग नापास. पुढच्या वर्षीचे निम्मे विषय याच विषयावर उभे असल्यानं ती मुलं तिथेही आपटणार हे उघड होतं. तेव्हा पुस्तक बदलायचं ठरलं आणि नेहमीप्रमाणे समिती नेमली गेली.

समितीत आम्ही चौघं. एक विभागप्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे 'परिपत्रक' म्हणतो, कारण खिडकी उघडायची असली तरी ते आधी परिपत्रक काढतात. दुसऱ्या सिद्धताबाई, समीकरण कुठून आलं हे मुळापासून दाखवल्याशिवाय यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. तिसरे गाइडसर, ज्यांच्या मते पुस्तक म्हणजे सोडवलेली गणितं, मधला मजकूर ही कागदाची नासाडी. चौथी मी, जिच्या मताला चहाच्या वेळेपुरती किंमत आहे. मागच्या खेपेला प्रकाशकाच्या माणसानं विभागाला भिंतीवरचं घड्याळ दिलं म्हणून त्याचं पुस्तक लागलं होतं. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं, पुस्तक आजतागायत चालू आहे. असं पुन्हा होऊ नये म्हणून परिपत्रकांनी फर्मान काढलं की आलेल्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायची, लेखक कोण, प्रकाशक कोण, कुणालाही कळता कामा नये. कव्हरं त्यांनी जातीनं घातली. नावाचं पान, प्रस्तावना, ऋणनिर्देश वगैरे सगळं स्टेपल करून टाकलं आणि वर क, ख, ग अशी अक्षरं घातली. त्या भरात 'क'चं अख्खं पहिलं प्रकरणही स्टेपलमध्ये गेलं. सिद्धताबाईंनी त्या प्रकरणाला दहापैकी सात गुण दिले (मी विचारलं तर म्हणाल्या, पुढची प्रकरणं बघून अंदाज येतोच).

आता पुस्तकांविषयी. 'क' म्हणजे गाइडसरांचा जीव की प्राण. पानोपानी सोडवलेली गणितं, आणि होल पुन्हा अर्ध्याच ओळीत. 'ख' सुरू होतं ते विश्वाच्या आरंभापासून, त्यात डायोड उगवेपर्यंत मुलांची परीक्षा होऊन निकालही लागलेला असेल. आणि 'ग'. मामा, 'ग' मी घरी नेलं, भाजी गॅसवर ठेवून सहज चाळायला घेतलं आणि भाजी करपली. त्यात होल समजावण्यासाठी दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यातला बाक आहे. पुढचा पेशंट आत गेला की प्रत्येकजण एकेक जागा पुढे सरकतो. माणसं डॉक्टरकडे सरकतात, रिकामी जागा दाराकडे. जागा स्वतः कुठेच जात नाही, तिला पायही नाहीत, पण माणसांचा हिशेब ठेवण्यापेक्षा त्या एका जागेचा ठेवणं सोपं, म्हणून आपण ती जागाच चालते असं म्हणतो. एवढं सांगून लेखक पुढच्या पानावर बजावतो की बाक आता विसरा, कारण इलेक्ट्रॉनची दाढ दुखत नाही. (दाढ वाचून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.)

मग मी 'ग'साठी भांडले. तीन बैठकांत घसा बसला. गाइडसर म्हणायचे, "मॅडम, बाक परीक्षेत येत नाही." शेवटी मी ते पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि वाचून होईपर्यंत चहा मिळणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हळूच म्हणाले, "हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं." सिद्धताबाईंना मागच्या परिशिष्टात सगळ्या सिद्धता सापडल्या, त्या तर लग्नघरातल्यासारख्या हिंडू लागल्या. 'ग' एकमतानं मंजूर झालं, 'क' दुसरं. परिपत्रकांनी समारंभपूर्वक खाकी कागद फाडला, आणि मागच्या कव्हरवर फोटोत तुम्ही, माझ्या लग्नातला तो तपकिरी कोट घालून.

मामा, तुम्हाला काही वाटतं का हो? तुम्ही पुस्तक लिहिताय हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय. आपल्या घरात एखादं काम कधीच होणार नसलं की 'मामांचं पुस्तक झालं' असं म्हणतात. ते पुस्तक खरोखर निघतं, छापून बाजारात येतं, आणि सख्ख्या भाचीला एका शब्दानं सांगावंसं वाटत नाही? सांगितलं असतंत तर मी समितीतून वेळीच अंग काढून घेतलं असतं. तसं न झाल्यानं मी सगळ्यांसमोर "अहो, हे माझे मामा" असं बोलून बसले. परिपत्रक कपाटाकडे गेले आणि स्वतःच कधीकाळी केलेला नियम घेऊन आले: समितीच्या सदस्याचे लेखकाशी सलोख्याचे संबंध असल्यास ते पुस्तक बाद समजावे. म्हणजे 'क' लागणार आणि वर्ग पुन्हा ड्रिल चालवणार.

तेवढ्यात गाइडसरांनीच विचारलं, "पण आहेत का संबंध सलोख्याचे?" तिघंही माझ्याकडे आशेनं बघू लागले. मी म्हटलं, मुळीच नाहीत. माझ्या लग्नाची पत्रिका यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवली होती. माझ्या घरी जेवायला आले तर माझ्या नवऱ्याला पंख्याच्या वायरिंगवर तासभर व्याख्यान दिलं. मी संशोधन सोडून नोकरी धरली म्हणून दिवाणखान्यात माझ्याकडे पाठ करून बसले होते. यातला एकही शब्द खोटा नाही हे तुम्हीही कबूल कराल. सिद्धताबाईंचे डोळे माझ्याविषयीच्या कणवेनं पाणावले. परिपत्रक म्हणाले, "लेखी पुरावा लागेल." मी हे सगळं फक्त मुलांसाठी करतेय, तुमच्या प्रेमापोटी नाही, हे लक्षात असू द्या.

मामींना नमस्कार.

तुमची (सध्या नाइलाजानं)
भाची

ता. क. सोमवारच्या बैठकीआधी मला एक खरमरीत पत्र पाठवा. एरवी न मागता पाठवताच. फक्त सवयीनं शेवटी 'अनेक आशीर्वाद' लिहू नका, आणि मामींना समासात 'तब्येतीला जप गं' असं लिहू देऊ नका. त्यांच्या एका ओळीनं पुस्तक जाईल.

ता. क. २. संताप आतून आलेला बरा, म्हणून सांगते: तुमच्या चौथ्या प्रकरणातल्या आकृतीत बाण उलटा आहे. शाळकरी चूक आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

ता. क. ३. हे तुमचं पत्र पेटीत पडल्यावरच वाचा. बाण बरोबर आहे. चूक काढावी म्हणून मी सगळं पुस्तक उलटसुलट तपासलं, सापडली नाही. पुस्तक घरी आईला दाखवलं. तिला यातलं ओ की ठो कळत नाही, पण तिनं बाकाचं ते पान चष्मा पुसून पुसून वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं माझा भाऊ हे करत होता होय." मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मामा, मला तुमचा फार अभिमान वाटतो. आता हा कागद फाडून टाका, समितीच्या हाती लागला तर संपलंच.