डावीकडून लागणारा कोट

११ जाने., रवि.
आजवर स्वतःच्या हातांनी केलेलं: बायकोचे, रेखाचे ब्लाउज (पहिले दोन तिने घातले नाहीत, बाकीचे मिरवते). मुलीचा, अन्वीचा ग्रॅज्युएशनचा ड्रेस. माझे सगळे शर्ट. विहारात घालायचा पांढरा बंदगळा. सोफ्याची कव्हरं. एक बाराबंदी, हौस म्हणून. कुणी शिकवलं नाही. नागपुरात घरी मशीनही नव्हतं. जुने कपडे उसवायचे, तुकडे टेबलावर मांडायचे, पुन्हा शिवायचे. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या हिवाळ्यात दुसरं करायचं तरी काय.

आज खालच्या मजल्यावरची मे वर आली. युनिव्हर्सिटी लायब्ररीत आहे. तिच्या वडिलांचा, वेईकाकांचा, ऐंशीवा वाढदिवस पुढच्या महिन्यात, त्यांच्या नवीन वर्षाच्याच आठवड्यात. त्यांना जुन्या पद्धतीचा चिनी कोट हवाय. उभी कॉलर, गळ्यापासून काखेकडे तिरपी जाणारी कड, गाठींची बटणं. त्यांचे वडील घालायचे तसा, पण आखूड, जीन्सवर चालेल असा. ऑनलाइन मागवला होता. चमकणारं पॉलिस्टर, पाठीवर ड्रॅगन. काका म्हणाले, "मी काय हॉटेलातला वेटर आहे?"
हो म्हणालो. पैसे नाही घेणार, हेही सांगितलं.

१६ जाने., शुक्र.
कापड आलं. गडद निळी लोकर, दोन धुण्यांत आटवून घेतली. अस्तर पांढरं ठरवलं होतं, पण आधी विचारलं. बरं झालं. मे म्हणाली, "नो नो, पांढरं दुखवट्याचं." आमच्यात लग्नात नवरानवरी पांढऱ्यात. म्हणून विचारून घ्यावं. अस्तर आता तांबडं. नव्वद टक्के लोकांनी विचारलंच नसतं.

मापं घेतली. काका मला मास्टर म्हणतात. छाती मोजताना म्हणाले, "मास्टर, दोन इंच सैल ठेव, केक खायचाय." माझ्याबरोबर आलेल्या अन्वीला म्हणाले, तुझा बाप माझ्या बापापेक्षा कडक आहे. ती: "टेल मी अबाउट इट."

एक गोष्ट टिपली. डावा हात थरथरतो. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून. या कोटाची बटणं उजव्या काखेखाली येतात, म्हणजे लावणार डाव्या हाताने. जमणार नाही.
मग कड उलटी का नको? डावीकडे घ्यायची. उजवा हात सहज पोचतो. शंभर वर्षं कुणाला सुचलं नाही की काय! मेच्या कानावर घातलं नाही. सरप्राइज.

२४ जाने., शनि.
बटणं. उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या पट्टीची नळी, ती उलटवायची, मग गाठ. पहिल्या आठ टाकल्या. नवव्या गाठीला गोलाई आली. रेखा: "फेकलेल्यांत आणि ठेवलेल्यांत मला काही फरक दिसत नाही." तिला दिसणारही नाही. मला दिसतो.

ऑफिसात रिव्ह्यू होता. टेबलाखाली गाठी वळत बसलो. मॅनेजर म्हणाला, यू सीम डिस्ट्रॅक्टेड. उलट, इतकं लक्ष मी कधीच दिलं नव्हतं.

३१ जाने., शनि.
ट्रायल.
कोट अंगावर बसला म्हणजे बसला. खांद्यावर एक सुरकुती नाही. काकांनी उजव्या हाताने पाचही बटणं स्वतः लावली. मी म्हणालो, पाहा, मुद्दाम या बाजूला घेतली.
काका आरशात बघत राहिले. मग बटणांवरून हात फिरवला. "व्हेरी गुड वर्क, मास्टर." एकेक करून काढली. कोट घडी करून माझ्या हातात दिला. चहा केला. मेच्या चेहऱ्याचा रंग गेलेला.
काय चुकलं? कॉलर पाव इंच उंच आहे का?

१ फेब्रु., रवि.
कॉलर नाही.

मेने जिन्यात गाठलं. म्हणाली, काकांनी सांगू नको म्हटलंय, पण तुम्हाला कळायला हवं. जिवंत माणसाची कड उजवीकडे लागते. नेहमी. डावीकडे फक्त मेल्यावर लावतात. माणसाला शेवटचे कपडे घालतात तेव्हा.
सॉरी म्हणालो असेन. ती म्हणाली, "ही लाइक्स यू. म्हणून तर बोलले नाहीत."

पांढऱ्याचं विचारलं. बाजूचं नाही. बाजू मला माहीत आहे असं मी धरून चाललो.

४ फेब्रु., बुध.
तीन मीटिंगा, एकही ऐकली नाही. कोट कपाटात टांगलाय, दार उघडलं की दिसतो. उसवायला कात्री घेतली, दोनदा. आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे ते. हे लिहायलाही लाज वाटते, पण आहे.

रेखाने कोबीची भाजी खाली पाठवायला सांगितली. "तुम्हीच न्या." अन्वीला पाठवलं. परत येऊन म्हणाली, "ही आस्क्ड व्हेअर मास्टर इज." किती दिवस तोंड चुकवणार? लिफ्ट नसल्याने जिना एकच.

८ फेब्रु., रवि.
दुसरा बेतला. तेच कापड, उरलेलं जेमतेम पुरलं, आतली पट्टी दोन तुकड्यांची. कड उजवीकडे. पण डाव्या हाताचं काय? मे म्हणाली, मॅग्नेट लावा. काकांना पेसमेकर आहे, मॅग्नेट छातीजवळ! लायब्ररीत एवढी पुस्तकं, विचार कुणीच करत नाही.
उपाय: गाठी वरून कायमच्या शिवलेल्या, आत मोठी प्रेस बटणं. डाव्या तळव्याने नुसतं दाबलं की लागतात. फसवणूकच ही. बटण म्हणजे उघडलं पाहिजे. पण पुढच्या रविवारी वाढदिवसाला त्यांनी हा घातला तर पुरे, बाकी काही नको. नाही घातला तर समजायचं, माझ्या हातचं आता अंगाला लावायचं नाही त्यांना.

मेजवानीला चाळीस माणसं. मे म्हणाली, त्यांनी एक सूटही इस्त्री करून ठेवलाय.

१२ फेब्रु., गुरु.
दुसरा झाला. खाली मेच्या हातात दिला. काका झोपले होते. की झोपलेत असं सांगितलं? आतून टीव्हीचा आवाज येत होता.
पहिल्याइतका जमला नाही. डावी बाही एक सूत आखूड.

१४ फेब्रु., शनि.
दुपारी दारावर टकटक. वेईकाका, एकटे, काठी टेकत जिना चढून. धापा टाकत होते. रेखाने खुर्ची दिली: "काका, फोन केला असता तर हे खाली आले असते." मराठीतच बोलली. तेही मान डोलावतात, दोघांचं चालतं.
म्हणाले, "पहिला कोट कुठंय?"
वाटलं, जाळायला मागतात. आणून दिला. मांडीवर पसरला, खांद्याची शिवण बोटाने चाचपली.
"हा मला दे. बटणं काढ, बंद लाव. त्या कपड्यांना बटणं नसतात."
"शेवटचे कपडे आमच्यात आधीच करून ठेवतात. करून ठेवला की माणूस जास्त जगतो." मग हसले. "मेवर सोडलं तर ती घाईत पॉलिस्टर आणेल. ड्रॅगनसकट. आय नो माय डॉटर."
खिशातून पाकीट काढलं. पांढरं. मी मोजलं नसतं, त्यांनीच मोजून दाखवलं. शेवटी एकाची सुट्टी नोट. मी म्हणालो, आमच्यातही आहेराला वर एक असतो, शुभ. म्हणाले, "आमच्यात तो एक याच कामाला. वाढदिवसाला कधीच नाही."

बंद मला येतात. बाराबंदीला लावलेत. तासाभराचं काम.
नाही म्हणालो.
का, ते विचारलं नाही त्यांनी. कोटाची घडी घातली, खुर्चीवर ठेवली, पाकीट खिशात. दारात थांबले. मी धीर करून विचारलं, उद्या कुठला घालणार? "मास्टर, उद्या ये आणि बघ."

जिन्यावर काठीचा आवाज खालपर्यंत ऐकला. रेखा भांडी आवरत होती. "बटणांसाठी नाही म्हटलं तुम्ही, की काकांसाठी?"
कोट परत टांगला. दार नीट लागत नाही त्या कपाटाचं.

नोंद असावी म्हणून: निळा कोट, पहिला, कड डावीकडे. मागितला वेईकाकांनी, स्वतःसाठी. देऊ केले सहाशे एक डॉलर. घेतले नाहीत.