आजाचं गाऱ्हाणं अडकलंय

२ मार्च २०२५

आठवडाभर ही वही उघडायची टाळतोय. लिहिलं की खरं होतं. तर लिहितोच – दीपेश घरी ठेवून गेलेला कॉम्प्युटर मी बिघडवला!

शिमग्याचं पत्रक छापायचं होतं. विंडोज रखडत होतं, म्हणून नवीन टाकलं. आधी चालू केला की काळा पडदा विचारायचा, लिनक्स का विंडोज? आता विचारतच नाय. सरळ विंडोज. आणि भागोजीआजाचं गाऱ्हाणं त्या लिनक्समध्ये! दीपेशनं माईक धरून रेकॉर्ड केलेलं. दुसरीकडं कुठंच नाय.

आजा जाऊन दोन वर्षं झाली. होळी पेटवायच्या आधी एकेका देवाचं नाव घेऊन गाऱ्हाणं आता महिपतीकाका घालतात. गेल्या साली वरच्या वाडीच्या राखणदार देवाचं नाव त्यांच्याकडून घ्यायचं राहिलं. वरच्या वाडीनं प्रसादाला हात लावला नाय. आता म्हणतात, "औंदा चुकलात तर आमची होळी आम्ही वेगळी लावू." काका रोज विचारतात, "विनीत, ऐकवतोस ना रे?" मी – "उद्या."

४ मार्च

कॉम्प्युटरचा डबा घेऊन महाडला. दुकानवाला म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, अर्ध्या तासात." डबा उचलून पळालो!

घरची वरंधची गाडी सोडून उलटा सवला, गरम झऱ्यावर गेलो. का, देव जाणे. गरम पाण्यात पाय, डबा मांडीवर. आठवीत मी आणि दीपेश शाळा बुडवून इथंच यायचो. तो आत्याचा, पण वाढला आमच्याकडं, आजाच्या अंगाखांद्यावर. एकदा आजानं पकडलं. ओरडला नाय. धोतर वर खोचून शेजारी बसला. "पानी बरं हाय रे."

शेवटची गाडी चुकली.

६ मार्च

पोलादपूरला दर्शनाकडं. दीपेशच्या कॉलेजातली. "लिनक्स जागेवरच हाय, येड्या! सुरुवातीला 'कुठं जायचं?' विचारणारा तेवढा विंडोजनं हाकलला. त्याला परत बसवायचा." बूट लोडर म्हणतात त्याला. पेनड्राइव्ह दिला.

९ मार्च

पेनड्राइव्हवरून चालू केला. डिस्क दिसली! पण दीपेशच्या फोल्डरला कुलूप. त्याच्या लिनक्समधून शिरल्याशिवाय उघडत नाय.

दर्शना फोनवर सांगत गेली, मी टाइप करत गेलो. बंद, चालू – काही नाय. "बसवलास कुठं ते बघ." पेनड्राइव्हवरच बसवला होता! "धन्य हायस बाबा."

परत पहिल्यापासून. बंद. चालू. काळा पडदा, पांढरी अक्षरं. लिनक्स का विंडोज?

डोळ्यात पाणीच आलं.

१० मार्च

लिनक्स पासवर्ड मागतंय. आजाचं नाव टाकलं. शाळेचं. सव. नाय.

दर्शनाला म्हटलं, तू विचार ना दीपेशला. "मी नाय. तुझं तू निस्तर."

दीपेश माझ्याशी बोलत नाय. आजा गेला तेव्हा त्याला मुंबईला कळवायचं काम माझ्याकडं होतं. घरात रडारड, मला बसवेना. घाटात चढून गेलो, तिथं रेंज नाय. संध्याकाळी फोन लागला. तो पोचला तेव्हा राख उरलेली. "तू हायस तवर या घरात पाय ठेवनार नाय." नायच ठेवला.

११ मार्च

मेसेज टाकला. बोलून – लिहायला जमेना. मशीन मी बिघडवली. गाऱ्हाणं आत अडकलंय. आणि आजाच्या वेळची चूक माझीच. पासवर्ड तेवढा सांग.

ऐकलं त्यानं. निळ्या खुणा आल्या. फोन उशाशी घेऊन झोपलो.

१२ मार्च

उद्या होळी. काका ओट्यावर बसून नावं पुटपुटतात. अडखळतात, पुन्हा पहिल्यापासून. न राहवून सांगून टाकलं सगळं. वाटलं, आता कानाखाली!

काका म्हणाले, "नावं मी विचारीन कोनालाबी. बाबांचा आवाज ऐकायचा होता रे."

१३ मार्च, सकाळी

पहिली एसटी आत्ताच गेली. आमचं कुत्रं परक्यावर जीव तोडून भुंकतं. आज नुसतं कुंई कुंई, शेपूट आपटतंय. काका ओट्यावरून उठले.

पायरीच्या खाली, बॅग खांद्याला – दीपेश! माझ्याकडं न बघता, "मशीन कुठं हाय?"