खालून करपलेला केक

दादा,

वहिनीला तू माहेरी घालवून दिलंस तेव्हापासून बाबल्या काही खात नाही. पेज भरवली तर थुंकतो. काल मी त्याला वहिनी करायची तसा केळ्याचा केक केला, पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून. छान फुगला, तर मेल्यानं तोंड फिरवलं. मी हात उगारला, पण मारलं नाही.

मग आठवलं, वहिनीचा नेहमी खालून करपायचा. त्यावरून तू तिला चारचौघांत बोलायचास. आज मुद्दाम करपवला. पोरगं मुकाट खात बसलं.

त्याला घेऊन मी संगमेश्वरला वहिनीकडे चालले. भात चुलीवर झाकलाय.

न्यायला आलास तर दोघांना ने. एकट्या बाबल्याला मी देणार नाही.

शेवंती