यमूआत्याची ओळ

१९ नोव्हेंबर १९७९
इंग्लंडहून पत्र. अक्षर अनोळखी, मराठी मात्र अप्पांच्या तरुणपणची. 'आपली आतेबहीण कमल हिचा साष्टांग नमस्कार.' तिची आई, अप्पांची बहीण यमूआत्या, गेल्या वर्षी वारली. वय चौऱ्याऐंशी. म्हणजे छप्पन्न वर्षं ती तिकडे जगत होती आणि आम्ही तिला मेलेली धरून बसलो होतो. कमल अस्थी घेऊन येते आहे. रामकुंडात सोडायच्या आणि आमच्या क्षेत्रोपाध्यांच्या वहीत, घराण्याच्या पानावर, आईचं नाव लिहायचं. बाकी काही नको म्हणते.
लगेच उत्तर टाकलं. ये, माझ्याकडेच उतर.

२१ नोव्हें.
दत्तूकडे गेले. धाकटा भाऊ, वकील, म्हणून सगळ्यांचा निवाडा त्याच्याकडे.
"अक्का, अप्पांनी घटश्राद्ध घातलंय तिचं. विषय संपला."
मी तेव्हा पाच वर्षांची. पाण्याचा घट लवंडला आणि आम्हां सगळ्यांना आंघोळी करायला लावल्या, एवढंच आठवतं. जिवंत बाईसाठी! गुन्हा काय? बालविधवा, नर्सिंग शिकली, बोटीनं आफ्रिकेत मोंबासाला नोकरीवर गेली.
थोरले काकाही समुद्र ओलांडून गेले होते. बॅरिस्टर व्हायला. परतल्यावर मुंडण, पंचगव्य, गावजेवण. झाले शुद्ध. आणि दत्तूचा अजय अमेरिकेला गेला तेव्हा तर सत्यनारायण घातला, पेढे वाटले.
विचारलं, "अजयचं विमान काय समुद्र चुकवून गेलं?"
"अक्का, हा तुझा शाळेतला वर्ग नाही."
भावजयीनं चहा आणला. घेतला नाही.

३ डिसेंबर
कमल आली. चोपन्न वर्षांची, साडीवर लोकरी कोट, पायात मोजे. बरोबर आईची पत्र्याची ट्रंक. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला म्हणते, "अहो टांगेवाले, आम्हांस घरी पोचवा."
तो हसला. "बसा मावशी. आमचा घोडा पेट्रोल पितो."
तिची मराठी सगळी आत्याची. १९२२ सालीच थांबलेली. मधूनच गुजराती डोकावते, वडील गुजराती शाळामास्तर.
दुपारी आत्याच्या प्रवासाचं सांगत होती. डेकवर अंथरूण, उलट्या, शेजारी बकऱ्या. "मुंबई दिसेनाशी जाहली त्या रात्री आई जेवली. दोन भाकऱ्या. विधवा जाहल्यापासून रात्रीचं ते पहिलं जेवण." पुढे मोंबासाहून इंग्लंड, म्हातारपणी. आणखी पश्चिमेला. ट्रंक तीच.
तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पोर्तुगीज कुठल्या वाऱ्यावर कालिकतला आले ते मुलींकडून घोकून घेतलं. शिडं, होकायंत्र, फळ्यावर नकाशे. स्वतःच्या घरातली एक बाई एकटी बोटीत बसली, तिच्याबद्दल अक्षर काढलं नाही.

५ डिसें.
अस्थिविसर्जन झालं. कमल रडली नाही. पाण्याला हात लावून म्हणाली, "आई, आलीस बरं का."
मग उपाध्यांकडे. गुरुजी तरुण आहेत. सिंहस्थ पुढल्या वर्षावर आल्यानं घाईत. तरी गाव आणि आडनाव सांगताच पाच मिनिटांत पान काढलं. १९३८, आजीच्या अस्थी आणल्या तेव्हाचं. पुत्र दोन. थोरले काका, 'विलायतेहून परत, शुद्ध.' मग अप्पा. कन्या एक, गोदू, 'दिली चांदवडास.' पुढे कोरं.
कमलनं ओळींवरून बोट फिरवलं. "मामांचं अक्षर किती सुरेख हो, ताई!"
मी वही गुरुजींकडे सरकवली.
गुरुजी म्हणाले, "नाव वाढवायचं तर घरातल्या पुरुषाची सही हवी. भावांना आणा."

७ डिसें.
पुन्हा दत्तू. "माझ्या सुमाच्या लग्नाची बोलणी चाललीत. आत्ता हे मोंबासा कशाला उकरतेस? ती परवा जाईल निघून. आपल्याला इथेच राहायचंय."
ओरडले त्याच्यावर. भित्रा म्हटलं. अप्पांचा शिक्का म्हटलं. मोठ्यांदा, आत भावजय ऐकेल एवढ्यानं.
तिथून एकटीच गुरुजींकडे. म्हटलं, मी लिहिते, माझी सही घ्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "एक रीत आहे आमच्यात. पान ज्याच्या हातचं, तो हयात असेल तर पुरवणी त्याला लिहिता येते. मग दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. पण एक्केचाळीस वर्षं झाली. कोण असणार?"
मी उठले. चपला घातल्या. चालत घरी आले.

८ डिसें.
लिहूनच टाकावं.
मी आहे हयात. ते पान माझ्या हातचं.
त्या वर्षी बी. ए. झाले होते. अप्पा गुरुजींच्या वडिलांना म्हणाले, "आमची पदवीधर लिहील." किती फुगले होते मी! अप्पा सांगत गेले. गोदूआत्यापाशी थांबले. मीही थांबले. म्हणाले, "झालं. खाली तारीख घाल." घातली.
माहीत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षांची असताना परदेशी तिकिटाचं पाकीट अप्पांनी बंबात टाकताना पाहिलं होतं. आत्या आहे, हे तेव्हाच कळलं होतं. तरी तारीख घातली, आणि वळणदार.
दत्तू नाही म्हणतो, तोंडावर म्हणतो. मी तर न बोलता...

९ डिसें., सकाळ
कमल आज मुंबईला, रात्री विमान. त्याआधी उपाध्यांकडे जायचं ठरलं आहे. पेनात शाई भरली. ओळ तयार आहे. 'कन्या यमुना. १९२२ साली बोटीनं मोंबासास गेली, पुढे इंग्लंडास. तेथे वारली.' शुद्धबिद्ध काही लिहिणार नाही.
पण तिच्या डोळ्यांदेखत पेन उचलायचं, तर आधी सांगायला हवं. ते गुरुजींसमोर नाही. इथेच, घरात.
मोजे चढवता चढवता कमल म्हणाली, "दत्तूभाऊ येतील ना सहीस?" माझ्या तोंडून 'बघू' गेलं. अजूनही बघू!
बाहेर भोंगा. स्टेशनावरचाच रिक्षावाला. "मावशी, घोडा तयार!"
त्याला थांबायला सांगितलं. कमलला म्हटलं, जरा बस, पाच मिनिटं. ती ट्रंकेवर बसली आहे, माझ्याकडे बघत. मी काय लिहिते म्हणून विचारते आहे.
ही वही, कालचं पान उघडून, तिच्याच हातात देते.